पत्ता, वेळ आणि पुरावा : सुरतेतील ऑनलाइन ग्राहकांसाठी

घरात माणसे असताना ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ असा संदेश येणे, पार्सल हाती पडलेले नसताना ‘पोहोचले’ अशी नोंद दिसणे आणि परत पाठवलेल्या वस्तूचे पैसे कित्येक दिवस खात्यात जमा न होणे, या तीन तक्रारी ऑनलाइन खरेदी करणाऱ्या कुटुंबांकडून वारंवार ऐकू येतात. सुरतेतील उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा आणि पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेल्या मराठी व अहिराणी बोलणाऱ्या कुटुंबांची मोठी वस्ती असून, सारख्या नावांच्या सोसायट्या आणि कारखान्यांतील दिवसपाळी-रातपाळी यांमुळे तेथे या अडचणींत भरच पडते. वस्तू दारापर्यंत आणण्याची जबाबदारी विक्रेता, संकेतस्थळ आणि कुरिअर यांची असली, तरी तीन गोष्टी ग्राहकाच्या स्वतःच्या हातात असतात: नेमका पत्ता, सोयीची वेळ आणि जपून ठेवलेला पुरावा. या तीन गोष्टी नीट असल्या तर बहुतेक पार्सले बिनबोभाट हाती पडतात आणि जे पार्सल अडते त्याच्यासाठी कायद्याची मदत घेणेही सोपे जाते. म्हणून खालील सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

पार्सल कोठे अडते, हे ओळखावे

विक्रेत्याकडून निघालेला माल प्रथम वर्गीकरण केंद्रात, तेथून आपल्या भागातील वितरण केंद्रात आणि अखेरीस दुचाकीवरून आपल्या दारात येतो. वितरण केंद्र ते दार या प्रवासाला ‘शेवटचा टप्पा’ म्हणतात. रिंग रोडवरील कापड बाजारातून निघालेली साडी उधन्यातच पोहोचवायची असली, तरी ती याच मार्गाने फिरून येते. त्यामुळे विक्रेता याच शहरातला आहे म्हणून माल त्याच दिवशी येईल, असे गृहीत धरू नये. मोबाइलवर दिसणाऱ्या नोंदींचे अर्थ माहीत असले, म्हणजे केव्हा थांबावे आणि केव्हा हालचाल करावी हे ठरवता येते.

- ‘शिप्ड’: विक्रेत्याने माल कुरिअरच्या ताब्यात दिला आहे, या नोंदीनंतर बहुतेक ठिकाणी पत्त्यात मोठा बदल करता येत नाही.
- ‘आउट फॉर डिलिव्हरी’: माल वितरण केंद्रातून निघाला असून त्या दिवशी दारात येणे अपेक्षित आहे, या दिवशी फोन जवळ आणि चालू ठेवावा.
- ‘अनडिलिव्हर्ड’ किंवा ‘अटेम्प्टेड’: डिलिव्हरीचा प्रयत्न झाल्याची नोंद कर्मचाऱ्याने केली आहे, तिच्यासोबत दिलेले कारण त्याच दिवशी वाचावे.
- ‘आरटीओ’: ठरावीक प्रयत्नांनंतर माल विक्रेत्याकडे परत निघाला आहे; ही नोंद झाल्यावर पार्सल पुन्हा आपल्याकडे वळवून घेणे अवघड असते.
- ‘डिलिव्हर्ड’: माल ग्राहकाला मिळाल्याची नोंद झाली आहे, प्रत्यक्षात तो मिळाला नसेल, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.

पत्ता असा लिहावा

पत्ता लिहिताना ग्राहकाच्या डोळ्यांपुढे स्वतःचे घर असते, तर पत्ता वाचणाऱ्यापुढे कदाचित कधीही न पाहिलेली गल्ली असते. हे अंतर लक्षात घेतले, म्हणजे काय लिहावे याचा उलगडा होतो. नमुन्यादाखल ‘पाटील निवास, साईनगर, मंदिराजवळ, उधना, सुरत’ हा पत्ता पाहावा. ज्या गल्लीत चार घरांवर ‘पाटील’ अशी पाटी आहे, शेजारच्या वस्तीचे नावही साईनगर आहे आणि दर वळणावर एक मंदिर आहे, तेथे या पत्त्याचा उपयोग होत नाही. तोच पत्ता ‘घर क्र. ११२, पहिला मजला, जिना बाहेरून, साईनगर सोसायटी, विभाग २, पिठाच्या गिरणीसमोरची गल्ली, डावीकडून तिसरे घर, उधना, सुरत ३९४२१०’ असा लिहिला, तर अनोळखी माणूसही कोणाला न विचारता दारापर्यंत येऊ शकतो.

- घराचा किंवा प्लॉटचा क्रमांक, मजला, सोसायटीचे पूर्ण नाव आणि तिचा विभाग या चार गोष्टी याच क्रमाने लिहाव्यात. विभाग १ आणि विभाग २ यांतील गफलतीने पार्सल भलत्याच गल्लीत जाते.
- घरावर जुना आणि नवा असे दोन क्रमांक असतील, तर दोन्ही द्यावेत आणि त्यांपैकी कोणता दारावर रंगवलेला आहे तेही लिहावे.
- खूण म्हणून सहसा न हलणारी गोष्ट निवडावी. शाळा, दवाखाना, गिरणी किंवा पाण्याची टाकी चालते, मात्र पानाची टपरी किंवा भाजीची गाडी चालत नाही.
- पत्ता रोमन लिपीत लिहावा आणि परिसराचे नाव महापालिकेच्या पाटीवर असते त्याच स्पेलिंगने द्यावे. डिलिव्हरी करणारा गुजराती, हिंदी किंवा ओडिया भाषक असू शकतो आणि देवनागरीतील अंक त्याच्या ओळखीचे असतीलच असे नाही.
- संकेतस्थळाच्या नकाशावर खूण करताना घरात बसून मोबाइलने आपोआप दाखवलेली जागा तशीच मान्य करू नये. नकाशा मोठा करून खूण आपल्या दारावर किंवा सोसायटीच्या फाटकावर हाताने सरकवावी.

पिन कोडाची गफलत

सुरतेचा पिन ३९५ पासूनच सुरू होतो, हा समज अनेक पार्सलांच्या उशिराचे मूळ आहे. शहराच्या जुन्या आणि मध्य भागातील पिन ३९५ पासून सुरू होतात हे खरे असले, तरी उधन्याचा पिन ३९४२१० आणि पांडेसऱ्याचा ३९४२२१ आहे. पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली आणि ती आखण्याचे श्रेय संस्कृत पंडित व कवी श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात आणि शेवटचे तीन अंक विशिष्ट वितरण टपाल कार्यालयाचे असतात. खासगी कुरिअरही पार्सलाचे वर्गीकरण बहुधा याच अंकांवरून करतात. म्हणून पत्ता अचूक असून पिन चुकला, तर पार्सल दुसऱ्याच वितरण केंद्रात जाऊन पडते आणि तेथील कर्मचारी ‘पत्ता सेवेच्या क्षेत्राबाहेर’ असा शेरा मारून ते परत पाठवतो. नवीन वस्तीत राहायला गेलेल्यांनी शेजाऱ्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. पिन टपाल विभागाच्या ‘नो युअर पिन कोड’ या सुविधेवरून किंवा जवळच्या टपाल कार्यालयात विचारून पक्का करावा.

टपाल विभागाने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ ही नवी सोयही खुली केली आहे. देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद असे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची एक खूण देण्यात आली आहे. ‘नो युअर डिजिपिन’ या संकेतस्थळावर आपल्या दाराशी उभे राहून जागा तपासली, की ती खूण मिळते. तिच्यात नाव किंवा फोन क्रमांक नसतो, केवळ ठिकाण असते. मात्र एकावर एक असलेल्या मजल्यांचा डिजिपिन एकच येतो आणि सर्व कंपन्यांची यंत्रणा तो वाचतेच असे नाही. म्हणून त्याने पूर्ण पत्त्याची जागा घेऊ नये. पत्त्याच्या शेवटी जोड म्हणून तो लिहावा.

वेळ : पाळी, सुट्टी आणि पाऊस

यंत्रमागाच्या कारखान्यात, ज्याला सुरतेत ‘खाते’ म्हणतात, बारा तासांच्या पाळीत उभ्या असलेल्या कामगाराला मागांच्या खडखडाटात फोनची घंटा ऐकू येत नाही. रातपाळी करून आलेला माणूस सकाळी अकराला गाढ झोपेत असतो आणि डिलिव्हरीचा फोन नेमका त्याच वेळी येतो. दोन-तीन फोन उचलले गेले नाहीत, की ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ ही नोंद होते. ती नोंद तांत्रिकदृष्ट्या खोटी नसली, तरी तिचा भुर्दंड ग्राहकालाच पडतो. हे टाळण्यासाठी पुढील पर्यायांपैकी आपल्या घराला जमणारा पर्याय ऑर्डर देण्यापूर्वीच ठरवावा.

१. पर्यायी फोन क्रमांक द्यावा. दिवसा घरी असणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक पत्त्यातच लिहावा. ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त अंक, ज्या फोनवर येतो तो फोन घराबाहेर असेल, तर तो अंक घरी कसा कळवायचा हेही ठरवून ठेवावे.

२. कामाच्या ठिकाणचा पत्ता द्यावा. मालकाची किंवा मुकादमाची संमती असेल, तरच हा मार्ग घ्यावा आणि पत्त्यात खात्याचे नाव, शेड क्रमांक व पाळीची वेळ लिहावी.

३. स्वतः जाऊन पार्सल घ्यावे. काही संकेतस्थळे जवळच्या दुकानातून किंवा केंद्रातून पार्सल घेण्याची सोय देतात. अरुंद गल्ली आणि अनियमित पाळी असणाऱ्या घरांना ती विशेष उपयोगी पडते.

४. शेजाऱ्याला अधिकृत करावे. ज्याच्याकडे पार्सल द्यायचे त्याचे नाव व घर क्रमांक सूचनांच्या रकान्यात लिहावा. ज्या पार्सलासाठी ओटीपी लागतो किंवा ज्याची रोख रक्कम द्यायची असते, त्यासाठी हा मार्ग टाळलेला बरा.

५. गल्लीने मिळून एक घर ठरवावे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एका ठिकाणी आलेला महिन्याचा किराणा आपापसांत वाटून घेण्याची पद्धत अनेक दशके चालवली आहे. तोच विचार पार्सलांना लावता येतो. दिवसा ज्या घरात कोणीतरी असते, ते घर पाच-सहा कुटुंबांनी स्वीकाराचे ठिकाण म्हणून ठरवावे आणि तेथे एक वही ठेवून तारीख, पार्सल कोणाचे आणि ते कोणी नेले, एवढ्या तीन नोंदी कराव्यात.

सुट्ट्यांचा विचारही आवश्यक आहे. दिवाळीनंतर सुरतेतील कापड बाजार आणि अनेक कारखाने लाभपंचमीपर्यंत बंद असतात आणि कुटुंबे गावी जातात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातील लेकी माहेरी जातात, तर उन्हाळ्यात लग्नसराईसाठी घरेच्या घरे बंद राहतात. सणापूर्वीच्या सवलतीत मागवलेली वस्तू अशा बंद दारावर येऊन परत जाते. म्हणून ऑर्डर देण्याआधी अपेक्षित तारीख पाहावी आणि त्या दिवशी आपण गावी असू असे दिसले, तर गावचा पत्ता द्यावा. मात्र गावच्या पिनवर ती वस्तू पोहोचवली जाते का, रोखीची सोय आहे का आणि परताव्यासाठी तेथून माल उचलला जातो का, या तीन बाबी आधी तपासाव्यात.

पावसाळ्यात लिंबायत आणि पर्वत पाटियाकडच्या वस्त्यांत मिठी खाडीचे पाणी शिरते आणि रेल्वेखालची गरनाळी तुंबतात. अशा दिवसांत झालेला उशीर नैसर्गिक आपत्तीत मोडू शकतो, त्यामुळे त्यावर तक्रार करण्यापेक्षा डिलिव्हरीची तारीख स्वतःहून पुढे ढकलावी. पार्सल भिजण्याचा धोकाही त्याने टळतो.

दारात पार्सल घेताना

पार्सल हातात घेण्याचा क्षण एखाद-दुसऱ्या मिनिटाचा असला, तरी पुढच्या वादाचा निकाल बहुधा याच मिनिटावर अवलंबून असतो.

- चिठ्ठीवरील नाव, ऑर्डर क्रमांक आणि विक्रेत्याचे नाव वाचावे. आपण किंवा घरातल्या कोणी ती वस्तू मागवलेली नसेल, तर रोख रक्कम देऊ नये.
- खोक्याची चिकटपट्टी कापून पुन्हा लावलेली, कोपरे दबलेले किंवा वजन संशयास्पद वाटल्यास त्याच स्थितीत छायाचित्र काढावे आणि पार्सल नाकारावे.
- मोबाइल व अन्य महाग वस्तूंसाठी ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ उपलब्ध असेल, तर ती निवडावी. या पद्धतीत कर्मचाऱ्यासमोर खोका उघडून वस्तू पाहिली जाते आणि ती बरोबर असल्यासच ओटीपी सांगितला जातो.
- ओटीपी सांगणे म्हणजे पोच लिहून देणे होय. पार्सल हातात येण्यापूर्वी किंवा फोनवर तो कोणालाही सांगू नये.
- बंद पार्सल उघडताना एकसलग चित्रफीत काढावी. तिच्यात आधी चिठ्ठी, मग चारही बाजूंची चिकटपट्टी आणि नंतर आतली वस्तू दिसावी. मध्येच तोडलेली चित्रफीत पुरावा म्हणून कमकुवत ठरते.
- खोका टाकून देण्यापूर्वी चिठ्ठीवरील नाव, पत्ता आणि फोन क्रमांक फाडून किंवा खोडून टाकावा.

‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ अशी नोंद चुकीची असेल तर

१. त्या नोंदीचा वेळेसह स्क्रीनशॉट घ्यावा आणि त्याच दिवसाच्या आलेल्या फोनांच्या यादीचाही घ्यावा. फोन आलाच नव्हता, हे त्यावरून दाखवता येते.

२. संकेतस्थळाच्या मदत विभागात लेखी तक्रार करावी आणि ‘पुन्हा डिलिव्हरी’ची मागणी नोंदवावी. केवळ फोनवर बोलून थांबू नये, कारण फोनवरच्या बोलण्याची नोंद ग्राहकाच्या हाती राहत नाही.

३. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. तक्रारीची प्रगती पाहता यावी म्हणून असा क्रमांक देणे बाजारपीठ स्वरूपाच्या संकेतस्थळांवर, म्हणजे जेथे अनेक विक्रेते माल विकतात अशा संकेतस्थळांवर, नियमाने बंधनकारक आहे.

४. ‘डिलिव्हर्ड’ अशी खोटी नोंद असेल, तर ओटीपी कोणत्या वेळी वापरला गेला, पार्सल कोणी घेतले आणि डिलिव्हरीचे छायाचित्र आहे का, याची लेखी विचारणा करावी. त्याआधी घरात, शेजारी आणि सोसायटीच्या फाटकावर एकदा चौकशी करून घ्यावी.

परतावा आणि पैसे परत मिळणे

परताव्याबाबत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी निघाली, तर ती परत घेणे व पैसे देणे विक्रेत्यावर कायद्याने बंधनकारक आहे. रंग मनाला आला नाही किंवा विचार बदलला, तर मात्र परतावा केवळ त्या विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असतो आणि ते धोरण ऑर्डर देण्यापूर्वीच वाचावे लागते. साडी किंवा तयार कपडे परत करताना लेबल काढू नये, साडीला फॉल-पिको करू नये आणि मूळ पिशवी जपून ठेवावी. माल नेणाऱ्या कर्मचाऱ्याकडून पावती किंवा ‘पिकअप झाला’ असा संदेश त्याच्यासमोर मिळवावा आणि दिलेल्या वस्तूचे छायाचित्र काढून ठेवावे.

पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही, ही वेगळी बाब आहे. यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांची पोच दुकानदाराकडे नोंदली गेली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत यावी आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ही तक्रार विक्रेत्याआधी आपल्या बँकेकडे करावी.

ग्राहकाचे हक्क

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे दोन आधार लक्षात ठेवले, तरी बहुतेक प्रसंगी पुरेसे होते.

- संकेतस्थळाने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा नियम आहे.
- वस्तू सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचवली, तर ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर किंवा तत्सम अटळ कारणाने झालेला उशीर मात्र याला अपवाद आहे.
- विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क ग्राहकाला दिसेल असा देणे बाजारपीठ संकेतस्थळावर बंधनकारक आहे.
- ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीतून घ्यावी लागते. आधीच खूण केलेले रकाने चालत नाहीत.
- न मागितलेली वस्तू किंवा सेवा टोपलीत घालणे, किंवा काही आकार सुरुवातीला लपवून शेवटच्या पानावर दाखवणे, हे प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला चकवणारी मांडणी, म्हणून गणले आहेत. अशा एकूण १३ प्रकारांची यादी तेथे दिली आहे.

व्हॉट्सअॅप गटांवरून किंवा समाजमाध्यमांवरील थेट प्रक्षेपणातून साड्या विकणाऱ्यांकडून खरेदी करताना हे हक्क कागदावर तसेच राहिले, तरी विक्रेत्याला शोधणेच कठीण जाते. अशा वेळी बिल मागावे, बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा आणि पूर्ण रक्कम आगाऊ देणे टाळावे.

तक्रारीच्या पायऱ्या

१. प्रथम संकेतस्थळाकडे: मदत विभागाने दाद दिली नाही, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करावा. त्यात ऑर्डर क्रमांक, तारखा, नेमकी मागणी आणि सोबतचे पुरावे एवढेच असावे.

२. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५ या क्रमांकावर मराठी आणि गुजरातीसह अनेक भाषांत तक्रार सांगता येते, ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअॅपनेही ती करता येते. ही हेल्पलाइन आदेश देणारे न्यायालय नव्हे, परंतु ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते आणि खर्चाविना अनेक वाद येथेच मिटू शकतात.

३. शेवटी जिल्हा आयोग: दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क नाही. विक्रेता दिल्लीत किंवा बंगळुरूत असला, तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणून सुरतेच्या ग्राहकाला सुरतेतच दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल करता येते आणि वकील नेमणे बंधनकारक नाही.

पार्सलाच्या नावाने होणारी फसवणूक

ऑनलाइन खरेदी नेहमीची झाल्यामुळे ‘आपले पार्सल अडकले आहे’ हे वाक्य प्रत्येकाला खरे वाटते आणि फसवणूक करणारे त्याचाच फायदा घेतात.

- पत्ता दुरुस्त करण्यासाठी किंवा पाच-दहा रुपये भरण्यासाठी आलेली लिंक उघडू नये. ऑर्डरची स्थिती त्या संकेतस्थळाच्या स्वतःच्या अॅपमध्येच पाहावी.
- डिलिव्हरीचा बहाणा करून कोणी ‘*४०१*’ पासून सुरू होणारा क्रमांक फिरवायला सांगितले, तर तसे करू नये. त्यामुळे आपले फोन दुसऱ्याकडे वळतात आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हाती पडू शकतात. चुकून फिरवला असल्यास ‘##००२#’ फिरवून वळवलेले फोन बंद करावेत.
- पैसे परत मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, हे घरातील वृद्धांना आवर्जून सांगावे.
- पैसे गेल्यास विलंब न करता सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवले जाते, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता वाढते.

पार्सल आणणाऱ्या माणसाशी वागणूक

दारात येणारा कर्मचारी बहुधा प्रत्येक पार्सलामागे ठरलेल्या मोबदल्यावर काम करतो आणि परत न्यावे लागलेले पार्सल त्याचेही नुकसान करते. चौथ्या मजल्यावर पाण्याचा पेला देणे, रोखीचे सुटे पैसे तयार ठेवणे आणि गल्लीत दुचाकी शिरत नसेल तर चार पावले पुढे जाणे, यांना खर्च नाही. उलट पुढच्या वेळी घर त्याच्या लक्षात राहते. विक्रेत्याने चुकीची वस्तू पाठवली, याचा राग त्याच्यावर काढू नये आणि त्यासाठी त्याला कमी गुण देऊ नयेत, कारण त्या गुणांचा परिणाम त्याला मिळणाऱ्या कामावर होऊ शकतो. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा कामगारांना ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगार म्हणून कायद्याने प्रथम मान्यता मिळाली असून, ई-श्रम संकेतस्थळावर त्यांना नोंदणी करता येते. उधना-लिंबायतच्या घराघरांतील तरुण हे काम करत असल्याने ही माहिती ज्यांच्या उपयोगाची आहे त्यांच्यापर्यंत ती आवर्जून पोहोचवावी.

आजच करावयाची तीन कामे

- आपल्या दाराशी उभे राहून पिन व डिजिपिन तपासावा, वर दिल्याप्रमाणे पूर्ण पत्ता एकदाच रोमन लिपीत लिहावा आणि तो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये साठवून ठेवावा. पुढच्या प्रत्येक ऑर्डरला तोच मजकूर चिकटवला, म्हणजे घाईत चुका होत नाहीत.
- घराचा क्रमांक दारावर, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या आकारात आणि रात्रीच्या मंद उजेडातही दिसेल असा रंगवून घ्यावा.
- बिले, पोच, स्क्रीनशॉट आणि चित्रफिती यांसाठी मोबाइलमध्ये एकच कप्पा करावा आणि १९१५ व १९३० हे दोन क्रमांक नावासह जतन करावेत.

दारावरचा स्वच्छ रंगवलेला क्रमांक केवळ पार्सलाच्या कामाचा नसतो. रात्री-अपरात्री बोलावलेल्या रुग्णवाहिकेला आणि गावाहून प्रथमच आलेल्या पाहुण्यालाही त्याच क्रमांकावरून घर सापडते.